बहिणीनं न सोडलेला हक्क

पोलीस पाटील म्हणून माझी नोकरी साठीला संपली. त्या नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या, पण पितृपक्षातली एक घटना काल घडल्यासारखी डोळ्यांपुढे आहे. ती लिहून ठेवते. नाव कोणाचंच लिहीत नाही. ज्यांची चूक होती त्यांची मुलंबाळं गावात आहेत, आणि जिच्यावर अन्याय झाला तिलाही आता तो विषय पुन्हा नको आहे.

आधी माझ्या कामाबद्दल थोडं. पोलीस पाटलाला वर्दी नसते आणि ठाण्यात टेबलही नसतं. गावात परका माणूस येऊन राहिला, मारामारी झाली, विहिरीत प्रेत सापडलं, की ठाण्याला पहिली खबर पोलीस पाटलानं द्यायची. पंचनाम्याला हजर राहायचं, सणासुदीला बंदोबस्तात उभं राहायचं, महिन्याच्या बैठकीला ठाण्यात जायचं. आमचं गाव बारामतीजवळ, कन्हेरीच्या बाजूला. तिथं हे काम माझे यजमान करत. ते अचानक गेले. त्या जागेसाठी गावातून दुसरा अर्ज आला नाही, तेव्हा प्रांतसाहेबांनी शिक्षणाची अट सैल करून मला नेमलं. माझं शिक्षण चौथी. बैठकीत मी मागच्या रांगेत बसायची आणि माझी पाळी आली की ‘गावात शांतता आहे’ एवढं एकच वाक्य बोलायची. लाजच इतकी होती, की त्या वाक्यानंतर घोटभर पाणी प्यावं लागायचं.

त्या दिवशी सकाळी मी सडा घालत होते. दारात आमच्याच गावची एक लेक येऊन उभी राहिली. इंदापूर तालुक्यात लासुर्ण्याला दिलेली. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला होता. तेव्हापासून ती तिकडच्याच एका ऊस रोपवाटिकेत कामाला जायची. ट्रेमध्ये कोकोपीट भरायचं, त्यात उसाचा डोळा लावायचा, रोप वितीएवढं झालं की शेतकऱ्याच्या गाडीत भरून द्यायचं. त्या कामात तिचा हात बसला होता. बापाच्या जमिनीत तिचा निम्मा हिस्सा होता, आणि वाटणीत तो कालव्याच्या अंगाला यायचा होता. तिथं स्वतःची रोपवाटिका टाकायची असं तिनं ठरवलं होतं. परवान्यासाठी सातबारा लागतो म्हणून तिनं तो काढला होता आणि तोच घेऊन ती पहिल्या गाडीनं माझ्याकडे आली होती.

“काकी, जरा वाचून बघा. माजी नजर चुकतीया का?”

मी वाचला. नजर चुकत नव्हती. जिथं भाऊ आणि बहीण अशी दोन नावं असायला हवी होती, तिथं एकट्या भावाचं नाव होतं. बाप वारल्यावर दोघांची वारस नोंद झाली ती मला पक्की माहीत होती, कारण वारसांची चौकशी तलाठ्यानं माझ्यासमोरच केली होती.

“तू हक्कसोड करून दिलीस का गं?”

“न्हाय काकी. दादानं दोनदा इचारलं व्हतं. मी म्हनलं, माजं मला राहू दे. तर त्यो हसला आन म्हनला, बरं बाई.”

हक्कसोड म्हणजे काय हे आमच्याकडे लहान पोरींनाही ठाऊक असतं. लग्न झालेली बहीण बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावावर सोडून देते. ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन सही आणि अंगठा देते, मग भाऊ तिला साडीचोळी करतो. पुष्कळ जणी खुशीनं देतात, पुष्कळ जणी माहेर तुटेल या भीतीनं देतात. कायद्यानं मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, पण ते बोलून दाखवणारी आमच्या गावात त्या वेळेपर्यंत एकही निघाली नव्हती.

तिला चहा दिला, घरात बसवलं आणि मी दळण घेऊन गिरणीवर गेले. गावात काय चाललंय हे कळायला गिरणीसारखी दुसरी जागा नाही. बायका निम्मं पट्ट्याच्या आवाजात बोलतात आणि निम्मं तो थांबल्यावर. मी काही न विचारता उभी राहिले. गिरणीवाले तात्या आपणहून बोलले.

“काय पाटीलबाई, तुमास्नी कायबी म्हाईत नसतंय बघा. कालव्याकडच्या रानाचा सौदा झाला की. बाहेरची पार्टी हाय. पांढरी गाडी घिऊन दोनदा येऊन गेली.”

“खरेदी झाली का, तात्या?”

“पितरं हायती न्हवं सध्या. पितृपक्षात कोन खरेदी करतंय? घटस्थापनंला करनार. न्हायतर आत्तापतोर पेढं वाटून झालं आसतं.”

तिथं माझ्या लक्षात आलं, की आपल्याकडे वेळ आहे, पण फार नाही. पितृपक्षात आमच्याकडे कोणी जमीन घेत नाही आणि विकत नाही. त्या चालीनं बहिणीला घटस्थापनेपर्यंत सवड दिली होती. त्यानंतर जमीन तिसऱ्याच्या नावावर गेली असती.

घरी येऊन मी ठाण्यातल्या फौजदारसाहेबांना फोन लावला. आपणहून केलेला तो माझा पहिलाच फोन. साहेब मराठवाड्यातले, आमच्याकडे नवीनच बदलून आलेले, वयानं माझ्या मुलाएवढे. आवाज ओळखून म्हणाले, “पाटीलताई, तुम्ही फोन केला म्हणजे गावात शांतता नाही.”

दुपारी आम्ही दोघी ठाण्यात होतो. साहेबांनी तिची तक्रार शांतपणे ऐकली. अर्धवट ऐकून कलम शोधायला लागणारे अधिकारी मी पाहिलेत. हे तसे नव्हते. ती रडायला लागली, ‘सातबाऱ्यावरनं नाव गेलं म्हंजी समदं गेलंच की’ म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं ते मी तिथंच पाठ करून टाकलं.

“ताई, सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून कोणी मालक होत नाही आणि नाव उडालं म्हणून मालकी जात नाही. मालकी वारशानं येते, खरेदीनं येते, बक्षिसानं किंवा मृत्युपत्रानं येते. सातबारा ती नुसती लिहून ठेवतो. तुमचे वडील गेले त्या घडीलाच तुमचा हिस्सा तुमचा झाला. तो जायचा असेल तर तुमच्याच हातानं जायला पाहिजे.”

तिनं डोळे पुसले. म्हणाली, “मग त्यो माज्या हातानं न्हाय गेला.”

फेरफारात, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीत, भावाचं नाव हक्कसोडपत्रावरून लागल्याचं निघालं, तेव्हा साहेबांनी त्याची नक्कल मागवली. दस्त नोंदलेला होता. बहिणीचं नाव, आधार कार्डाची प्रत, अंगठा, ओळख पटवणारे दोन साक्षीदार, सगळं जागच्या जागी. फोटोही होता, पण काळ्यापांढऱ्या नकलेत पदर भुवयांपर्यंत ओढलेली, मान खाली घातलेली एक बाई दिसत होती. आमच्या भागातल्या निम्म्या बायका कचेरीत गेल्या की अशाच दिसतात. मलासुद्धा ती बहीण नव्हे असं शपथेवर सांगता आलं नसतं. फेरफाराची नोटीस तिच्या नावानं निघाली होती, पण पत्ता माहेरचा, त्यामुळे ती भावाच्याच हातात पडली होती. कागदाच्या बाजूनं भाऊ भक्कम उभा होता.

अंगठा तपासायला पाठवला. पण तो अहवाल कधी येईल हे कोणाच्या हातात नव्हतं. साहेब म्हणाले, “घटस्थापनेला खरेदी झाली, घेणाऱ्यानं ताबा घेतला, की मग हिचं भांडण भावाशी राहणार नाही, त्या तिसऱ्याशी राहील. कोर्टात हिचे केस पांढरे होतील. कचेरीत कोण बाई बसली होती, ती आधी सापडली पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी भावाला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो आला, साहेबांना नमस्कार केला, मला “काकी, तुमी बी हितं?” म्हणाला आणि खुर्चीवर बसला. चौकशीत घाबरलेला माणूस मी पाहिला आहे, चिडलेलाही पाहिला आहे. हा दोन्ही नव्हता. प्रत्येक प्रश्नाला तो दस्ताकडे बोट करायचा.

“साहेब, बहिनीनं खुशीनं दिलंय. आंगठा हाय, फोटू हाय. आता कालव्याकडचा भाव वाढला म्हनून तिची नियत फिरली.”

“साडीचोळी केली का?”

“व्हय तर. आमच्यात पद्धतच हाय. भारीतली साडी घितली.”

“कुठं दिली?”

“घरी. आनि कुठं?”

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि त्याला जाऊ दिलं. मला वाटलं, आता सगळं अवघड आहे. ते मात्र म्हणाले, “याच्या बायकोचा जबाब घ्यायचाय. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, आपल्याला तिच्या घरी जावं लागेल. महिला पोलीस लिहून घेतील. पाटीलताई, तुम्ही नुसतं शेजारी बसा. तुम्ही गावच्या आहात, तुमच्यासमोर ती मोकळी होईल.”

नुसतं शेजारी बसणं मला जमण्यासारखं होतं. भाऊ ठाण्यातून आधी वकिलाकडे गेला, तो घरी परतायच्या आत आम्ही त्याच्या दारात होतो.

भावजय तशी वाईट बाई नव्हे. पाहुण्याला चहा दिल्याशिवाय सोडणार नाही. आमची गाडी बघून तिचा चेहरा उतरला, पण मला बघून ती सावरली. चहा ठेवला. महिला पोलीस विचारत होत्या, ती उत्तर देत होती, आणि सगळी उत्तरं नवऱ्यानं पढवलेली होती. नणंदेनं खुशीनं दिलं, कचेरीत स्वतः आली, कोणी जबरदस्ती केली नाही. शब्दसुद्धा तेच. मी मान खाली घालून कपबशी धरली होती.

मग महिला पोलीस म्हणाल्या, “एवढी जमीन दिली नणंदेनं. तुम्ही काय केलं तिचं? का तशीच रिकाम्या हातानं लावून दिली?”

हा प्रश्न तिला पढवलेला नव्हता. तो तिच्या जिव्हारी लागला.

“रिकाम्या हातानं कशी लावीन? आमी काय तसली मानसं न्हाय. माज्या माहेरी पाटावर बसीवलं. हळदकुकू लावलं. खन-नारळ, तांदूळ घालून भरगच्च ओटी भरली, वर साडी दिली. पाया पडले मी तिच्या. इचारा काकीला, आमच्या घरात कुनाची सुदीक ओटी रिकामी जात न्हाय.”

मी कपबशी खाली ठेवली. महिला पोलीस शहरात वाढलेल्या, त्यांनी ते वाक्य सरळ लिहून घेतलं. मी मात्र बाकीचं काही ऐकलं नाही.

ज्या बाईचा नवरा नाही, तिची आमच्याकडे ओटी भरत नाहीत. तिला हळदकुंकूही लावत नाहीत. बरोबर की चूक हा वेगळा प्रश्न. आता काही ठिकाणी लोक ही चाल मोडायला लागलेत आणि ते चांगलंच आहे. पण त्या घरात तेव्हा ती पाळत होते. यजमान गेल्यापासून मी स्वतः त्या घरच्या हळदीकुंकवाला दाराशी बसून आलेली आहे. हक्कसोड झाली तेव्हा बहिणीचा नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. तिला पाटावर बसवून कुंकू लावून ओटी भरणं या भावजयीच्या हातून होणंच शक्य नव्हतं. पण ओटी भरली हे ती खोटं सांगत नव्हती. खोटं बोलताना बाईचा आवाज इतका भरून येत नाही.

मग ओटी भरली होती कोणाची?

बाहेर येऊन मी गाडीपाशी थांबलेल्या साहेबांना सगळं सांगितलं. दोनदा शब्द अडकला, पण सांगितलं. त्यांच्या गावाकडेही हीच चाल. म्हणाले, “म्हणजे कचेरीत बसलेल्या बाईचा नवरा आहे. आणि भाऊ म्हणतो साडी घरी दिली, ही म्हणते माहेरी दिली. बहिणीची ओटी भावाच्या घरी भरतात की भावजयीच्या माहेरी?”

“भावाच्याच घरी, साहेब. पन गावात भरली आसती तर चार बायकांनी बघितलं आसतं.”

“चला,” ते म्हणाले. “भावाचा फोन तिकडं पोचायच्या आधी.”

भावजयीचं माहेर कऱ्हाटीच्या पुढं एका वस्तीवर. गाडीत मी विचार करत होते, की यांनी हे केलं तरी कशाला? कागद झाला होता, काम झालं होतं, त्या बाईला गुपचूप घरी पाठवायचं सोडून ओटी कशाला भरली? मग उमगलं. बहिणीचा हिस्सा साडीचोळीशिवाय घेतला तर तिचा तळतळाट लागतो, पुढं बरं होत नाही, असं आमच्याकडे मानतात. कायद्याची भीती त्यांना नव्हती, त्या तळतळाटाची होती. म्हणून बहिणीच्या जागी बसवलेल्या बाईला बहिणीचा मान देऊन त्यांनी आपलं मन धुऊन घेतलं होतं. नोकरीत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. माणूस केलेलं पाप जिवापाड लपवतो, पण त्या पापावर घातलेलं पुण्याचं पांघरूण त्याला लपवता येत नाही, ते तो आपणहून दाखवतो.

वस्तीवर भावजयीची म्हातारी आई शेळीला पाला घालत होती. तिला या सगळ्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी पुढं होऊन राम राम केला, तब्येत विचारली, आणि म्हटलं, “आक्का, तुमच्या लेकीनं हितं येऊन ओटी भरली म्हनं एकीची. लई कवतिक ऐकलं.”

“भरली की. माज्या पुतन्याच्या बायकूची. मी म्हनलं, कशाची गं ही ओटी? ना सन, ना वार. तर म्हनली, नवस हाय. आता ह्या पोरींचं नवस आपल्याला काय कळत्यात?” तिनं हातानं पलीकडचं घर दाखवलं. “ती बघा, भांडी घासतीया.”

ती बाई साहेबांना आणि महिला पोलिसांना बघून भांडी तशीच टाकून उभी राहिली. तिला काही विचारावं लागलं नाही. ओसरीवर बसल्याबसल्या तिनं सगळं सांगून टाकलं. वन्सं, म्हणजे आमच्या गावची ती भावजय, म्हणाल्या, माझी नणंद अंथरुणाला खिळली आहे, कचेरीत येता येत नाही, तिची संमती आहे, तू फक्त तिच्या जागी बस. आधार कार्डाची प्रत त्यांनीच दिली. पदर पुढं ओढून मान खाली घालायला वन्संच्या यजमानांनी सांगितलं. नाव विचारलं तर काय सांगायचं ते गाडीत पाठ करून घेतलं.

“मला वाटलं तिची संमती हाय, साहेब. संमती हाय म्हनलं की आमी म्होरं काय इचारनार?”

“आणि साडी?” महिला पोलिसांनी विचारलं.

तेवढ्या भीतीतही तिचं तोंड वाकडं झालं. “कसली साडी. पयल्या धुन्यात रंग गेला. एवढं रान घितलं आन साडी ही तसली.”

साहेबांनी तोंड दुसरीकडे वळवलं. मला हसू आवरेना, मी शेळीकडे बघत राहिले.

तिचा जबाब झाला. दुसऱ्या दिवशी भावाला पुन्हा आणलं. या वेळी बहीणही समोर होती. साहेबांनी तिकडचा जबाब वाचून दाखवला. भावाचं बोट या वेळी दस्ताकडे गेलं नाही. तो एकदम उसळला.

“रान माजंच हाय. बाप गेल्यापासून मीच कसतोय. पाट मी काढला, ऊस मी लावला, उनातानात मी राबलो. ही काय करती? भाऊबीजंला येती, ताटातलं घिऊन जाती. राबनाराचं रान न्हाय तर कुनाचं?”

खरं सांगते, त्याच्या बोलण्यानं मी जरा हलले. राबणारा माणूस खोटा वाटत नाही, आणि तो राबला होता हे अख्ख्या गावानं पाहिलं होतं. साहेबांनीही त्याला झिडकारलं नाही.

“जमीन तू कसलीस, हे कबूल,” ते म्हणाले. “त्याला ताबा म्हणतात. ताबा वेगळा, मालकी वेगळी. भावाबहिणीच्या सामाईक जमिनीत एकानं कसलं, तर ते दोघांसाठी कसलं असं कायदा धरतो. कितीही वर्षं कसलीस तरी तेवढ्यानं तिचा हिस्सा तुझा होत नाही. तुला तो हवा होता तर तिच्याकडून विकत घ्यायचा, नाहीतर तिनं स्वखुशीनं द्यायला हवा होता. आणि एवढी तुझी खात्री होती, तर दुसरी बाई का बसवलीस?”

मग त्यानं खालच्या आवाजात सांगितलं, की साडी दिली, ओटी भरली, मानपान केला, बहिणीचं वाईट त्याच्या मनात नव्हतं.

तेव्हा बहीण पहिल्यांदा बोलली. “दादा, जिची ओटी भरलीस तिचा तळतळाट तुला लागनार व्हता, का माजा?”

साहेबांनी फिर्याद लिहायला कागद पुढं ओढला.

तोतयेगिरी, फसवणूक आणि खोटा दस्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. भाऊ, भावजय, तिच्या चुलतभावाची बायको आणि दोन्ही साक्षीदार, सगळ्यांवर. घेणारी पार्टी गुन्ह्याचं ऐकून आल्या वाटेनं परत गेली. घटस्थापना आली, घट बसले, आणि कालव्याकडच्या रानाची खरेदी झाली नाही. पुढं अंगठ्याचा अहवाल आला, तोही बहिणीच्या बाजूनं. पण गुन्हा शाबीत होणं आणि जमीन परत नावावर येणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात. साहेबांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मालकी ठरवणं आमचं काम नाही, ते दिवाणी कोर्टाचं. आमचं काम एवढंच, की कोर्टापुढं खरं जावं.” तिनं वकील लावला, जमीन विकायला कोर्टाची मनाई घेतली, दस्त रद्द करायचा दावा लावला. लासुर्ण्याहून बारामतीला ती कितीदा आली असेल याचा हिशेब नाही. रोपवाटिकेची रजा टाकायची, तारीख करायची, परत जाऊन राहिलेले ट्रे भरायचे. माहेरच्या भावकीत तिला कोणी पाणी विचारत नव्हतं, तेव्हा ती माझ्या ओसरीवर बसून भाकरी खायची.

शेवटी दस्त रद्द झाला आणि सातबाऱ्यावर तिचं नाव पुन्हा लागलं.

त्या आधीच्या एका बैठकीत साहेबांनी मला पुढं बोलावलं होतं. तालुक्यातले सगळे पोलीस पाटील, बहुतेक पुरुष, बहुतेक माझ्यापेक्षा शिकलेले. तपास कसा लागला ते सांगा म्हणाले. मी म्हटलं, “साहेबांनी मला शेजारी बसायला सांगितलं व्हतं. मी बसले आन ऐकलं.” मागून एक आबा म्हणाले, “आमी बी वर्सानुवर्सं बसतोय की, पाटीलबाई. आमाला चहाशिवाय काय मिळालं न्हाय.” सगळे हसले, मीही हसले. पण जागेवर परत येताना मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, आणि तो अजून आहे. माझ्या यजमानांच्या जागी मला नेमलं म्हणून जे कुरकुरले होते, त्यांच्याही घरच्या लेकीसुना पुढं माझ्याकडे आपले सातबारे घेऊन यायला लागल्या.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते लिहिते. मालकी जमीन कसल्यानं येत नाही आणि नुसत्या कागदानंही येत नाही. ज्याचं आहे त्यानं आपणहून दिलं तरच ती दुसऱ्याकडे जाते, मग तो भाऊ असो नाहीतर बाप. आणि बाईनं ‘माझं मला राहू दे’ म्हटलं, तर ते भांडण नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगत आले, की वर्षातनं एकदा तरी आपल्या नावाचा सातबारा काढ आणि स्वतः वाच. वाचता येत नसेल तर दुसऱ्या बाईकडून वाचून घे. फेरफाराची नोटीस येते तो पत्ता तुझ्या घरचा कर. ठाण्यात जायची लाज वाटत असेल तर माझ्याकडे ये. लाजेतलं मला कळतं.

जमिनीची वाटणी होऊन मोजणी लागली, त्या दिवशी बंदोबस्ताला मी होते. निवृत्त व्हायच्या आधीचं ते माझं शेवटचं मोठं काम. मोजणीदार यंत्र घेऊन आले होते. बांधावर गावची दहावीस माणसं जमली होती, भाऊही होता, जामिनावर सुटलेला, एका बाजूला उभा. मोजणीदार परगावचे, त्यांना कोणी माहीत नव्हतं. त्यांनी कागद हातात घेऊन मोठ्यानं विचारलं, “कालव्याकडच्या हिश्शाचे मालक कोण आहेत? पुढं या.”

जमलेल्या सगळ्या माना सवयीनं भावाकडे वळल्या. भावानं खाली बघितलं. बहीण माझ्या शेजारीच उभी होती. मला वाटलं आपण सांगावं, हीच ती. पण ते तिनंच सांगायचं होतं.

ती उसाच्या सरीतून पुढं गेली. “मी हाय,” म्हणाली.

मोजणीदारानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “स्वतः मालक?”

“व्हय. स्वतः.”

हद्दीच्या खुणा ठोकून झाल्यावर त्यांनी पंचनामा तिच्यापुढं धरला आणि विचारलं, “अंगठा की सही?” तिनं पदराला हात पुसले, चिखल गेला की नाही ते बघितलं, पेन घेतलं आणि सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. तिच्या नावाखाली पंच म्हणून मी सही केली.